अथेन्सची सिसिली मोहीम (इ.स.पू. ४१५ ते ४१३): सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

प्राचीन ग्रीसचं नाव काढलं की बहुतेक लोक थर्मोपिलीच्या तीनशे स्पार्टनांवर येऊन थांबतात, नाहीतर मग थेट अलेक्झांडर. मधली ही मोहीम राहूनच जाते. माझ्या मते सगळ्यात जास्त वाचण्यासारखी हीच आहे, म्हणून ज्या शंका परत परत येतात त्या इथे एकत्र लिहून ठेवल्यात. नावांचे उच्चार जो तो वेगळे करतो, त्यावरून वाद घालू नका प्लीज.

आधी दोन ओळीत सांगा, झालं काय?

अथेन्स आणि स्पार्टा यांचं मोठं युद्ध इ.स.पू. ४३१ पासून चालू होतं, ४२१ मध्ये तह झाला, तह कसला, दोघं दमले होते इतकंच. मग ४१५ मध्ये अथेन्सने ठरवलं की समुद्रापलीकडे जाऊन सिसिली बेटावरचं सिरॅक्यूज हे मोठं ग्रीक शहर जिंकायचं. दोन वर्षांत दोन आरमारं पाठवली, दोनशेच्या वर ट्रायरीम (वल्ह्यांच्या तीन रांगांची लढाऊ) जहाजं, हजारो माणसं. परत आले ते हाताच्या बोटावर मोजण्याइतके.

पण स्पार्टा शेजारी असताना सिसिलीला जायचं कारणच काय?

कागदावरचं कारण म्हणजे सेगेस्टा. सिसिलीतलं छोटं शहर, त्याचं शेजारच्या सेलिनसशी भांडण होतं आणि सेलिनसला सिरॅक्यूजची साथ होती. सेगेस्टावाले अथेन्सला आले आणि म्हणाले या, मदत करा, पैसा आम्ही देतो. अथेन्सने चौकशीला माणसं पाठवली, आता इथून गंमत बघा. त्या माणसांना एरिक्सच्या डोंगरावरच्या अफ्रोडाइटीच्या देवळात नेऊन चांदीची भांडी दाखवली, मग रोज वेगवेगळ्या घरी जेवायला बोलावलं आणि प्रत्येक घरात सोन्याचांदीचे पेले मांडलेले. पेले तेच होते. आज ह्या घरी, उद्या त्या घरी, आणि वर आजूबाजूच्या गावांतून उसने आणलेले. पाहुणे डोळे विस्फारून परत गेले आणि सगळ्यांना सांगत सुटले की बाबा तिथे तर सोन्याचा धूर निघतोय.

नमुना म्हणून सेगेस्टाने ६० टॅलेंट चांदी पाठवली. टॅलेंट म्हणजे साधारण २६ किलो चांदी, आणि एका ट्रायरीमवर दोनशेच्या आसपास माणसं असायची, रोज एक ड्राखमा (तिकडचं चांदीचं नाणं) पगार धरला तर महिन्याला बरोबर एक टॅलेंट होतो, म्हणजे ६० जहाजांचा एक महिन्याचा पगार. आरमार तिकडे पोचल्यावर कळलं की उरलेल्या खजिन्यात फक्त ३० टॅलेंट आहेत.

खरं कारण काय म्हणाल तर हाव. थ्युसिडिडीस, म्हणजे तो इतिहासकार ज्याच्यामुळे हे सगळं आपल्याला माहिती आहे, तो सरळ लिहितो की बहुतेकांना बेट केवढं आहे आणि तिथे किती लोक राहतात याची कल्पनाच नव्हती.

अथेन्समध्ये कोणी विरोध केला नाही का?

केला ना. निकियासने केला, आणि माझ्या मते सगळी गोष्ट ह्या एका माणसाभोवती फिरते.

निकियास म्हणजे वयस्कर, श्रीमंत, देवभोळा सेनापती. लॉरिअमच्या चांदीच्या खाणीत त्याचे एक हजार गुलाम भाड्याने दिलेले होते. ४२१ चा तह त्यानेच घडवून आणला म्हणून त्या तहाला नावही त्याचंच. समोर अल्किबियाडीस. तरणा, देखणा, पैसेवाला, उधळ्या. ४१६ च्या ऑलिंपिकमध्ये ह्याने एकट्याने सात रथ उतरवले होते आणि पहिला, दुसरा, चौथा नंबर मारला. अथेन्सच्या नागरिकांच्या सभेत निकियासने त्याला टोमणा मारला की घोड्यांचा खर्च भागवायला याला युद्ध हवंय. अल्किबियाडीसने तो टोमणाच मेडलसारखा मिरवला, हो मी उधळतो, आणि त्यानेच शहराचं नाव होतं.

मग निकियासने एक डाव टाकला आणि तो त्याच्याच अंगलट आला. त्याला वाटलं की मोहिमेला केवढा खर्च येईल ते सांगून लोकांना घाबरवावं, म्हणून त्याने जहाजं, सैनिक, धान्य, सगळं वाढवून वाढवून सांगितलं. लोक घाबरले नाहीत, उलट म्हणाले वा, एवढं नेलं तर हरायचा प्रश्नच नाही! एक जण उठून म्हणाला, आकडा सांग. निकियासला सांगावं लागलं, किमान १०० ट्रायरीम आणि ५००० हॉप्लाइट, म्हणजे जड चिलखतवाले पायदळी. लगेच मंजूर. ज्यांना पटलं नव्हतं ते विरोधात हात वर केला तर देशद्रोही म्हणतील म्हणून गप्प बसले, हे पण थ्युसिडिडीसनेच लिहून ठेवलंय.

आणि सगळ्यात कहर म्हणजे ज्याला जायचंच नव्हतं त्याच निकियासला तीन सेनापतींपैकी एक केलं. दुसरा अल्किबियाडीस. तिसरा लामाकस, जुना जाणता लढवय्या पण गरीब, त्यामुळे त्याचं वजन पडायचं नाही.

मूर्ती फोडल्याचं प्रकरण काय आहे?

आरमार निघायच्या थोडं आधी एका रात्रीत शहरातल्या हर्मीसच्या मूर्तींची तोंडं फोडली गेली. ह्या मूर्ती म्हणजे चौकोनी दगडी खांब, वर देवाचं डोकं, घरांच्या आणि देवळांच्या दारात उभे असायचे. प्रवासाचा देव आणि प्रवासाच्या तोंडावर असा प्रकार, लोक हादरले. चौकशीत आणखी एक निघालं की काही श्रीमंत पोरं दारू पिऊन घरात एल्युसिसच्या गुप्त विधींची नक्कल करतात, आणि त्यात अल्किबियाडीसचं नाव आलं.

तो म्हणाला आत्ताच्या आत्ता खटला चालवा. विरोधकांनी चलाखी केली, आत्ता सैन्य ह्याच्या बाजूने आहे तेव्हा जाऊ दे, नंतर बघू. तो सिसिलीत पोचल्यावर सालामिनिया नावाचं सरकारी जहाज पाठवून त्याला परत बोलावलं. वाटेत दक्षिण इटलीतल्या थुरीला तो सटकला आणि कुठे गेला माहितीये? स्पार्टाला! इकडे अथेन्सने त्याच्या गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला आणि मालमत्तेचा लिलाव केला. ह्या प्रकरणात दोषी ठरलेल्यांच्या लिलावाच्या याद्या दगडावर कोरल्या होत्या, त्यांचे तुकडे अथेन्समध्ये सापडलेत, शेती, गुलाम, पलंग, भांडी सगळ्याची नोंद आहे.

मूर्ती नक्की कोणी फोडल्या ह्यावर अजून भांडणं चालू आहेत, मी त्यात पडत नाही.

आरमार केवढं होतं?

४१५ च्या उन्हाळ्यात पिरेअस बंदरातून निघालं तेव्हा सगळं शहर बघायला लोटलं होतं, सोन्याचांदीच्या पेल्यांतून देवाला वाईन वाहिली, आणि मग जहाजांनी एजिना बेटापर्यंत चक्क रेस लावली. पुढे कॉर्सिरा बेटावर मित्रांची जहाजं येऊन मिळाली तेव्हा हिशोब झाला १३४ ट्रायरीम, ५१०० हॉप्लाइट, ४८० तिरंदाज, ७०० ऱ्होड्सचे गोफणवाले, धान्याची ३० मालवाहू जहाजं, त्यात पाव भाजणारे, गवंडी, सुतार असा सगळा बारदाना.

आणि घोडे? तीस. एका जहाजात मावतील एवढे. सिरॅक्यूजकडे बाराशे घोडेस्वार होते. पुढच्या वर्षी अथेन्सने अडीचशे स्वार पाठवले तेही बिनघोड्यांचे, घोडे तिकडेच मिळवा म्हणून. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं छपाईची चूक असेल.

तीन सेनापतींचे तीन प्लॅन होते म्हणे?

हो. निकियास म्हणाला सेलिनसला जाऊ, भांडण मिटवू, किनाऱ्याने ताकद दाखवत फिरू आणि घरी जाऊ. अल्किबियाडीस म्हणाला आधी बाकीची शहरं बोलण्यात गुंडाळून आपल्याकडे ओढू. लामाकस म्हणाला आत्ता, लगेच, थेट सिरॅक्यूजवर, ते बेसावध आहेत तोवर. आणि ते खरंच बेसावध होते, तिथला पुढारी हर्मोक्रेटिस कंठशोष करून सांगत होता की अथेन्सवाले येतायत आणि लोक त्याला हसत होते.

शेवटी लामाकसने आपलं मत अल्किबियाडीसच्या पारड्यात टाकलं, आणि थोड्याच दिवसांत अल्किबियाडीसच पळाला. म्हणजे ज्याचा प्लॅन तो नाही, आणि उरलेल्या दोघांपैकी एकाला यायचंच नव्हतं. त्या वर्षी एक लढाई जिंकली पण घोडदळ नाही म्हणून पाठलाग करता आला नाही, मग हिवाळा काढायला सिसिलीतल्याच काताना शहरात परत. सिरॅक्यूजला तयारीला अख्खा हिवाळा मिळाला.

भिंतींचं एवढं काय? दोन्ही बाजू नुसत्या भिंतीच बांधताना दिसतात.

बरोबर दिसतंय. त्या काळी तटबंदी फोडायची यंत्रं फारशी नव्हती, त्यामुळे शहर घ्यायचं तर उपाशी मारून घ्यायचं. समुद्राकडून आरमाराने अडवायचं आणि जमिनीकडून इकडच्या समुद्रापासून तिकडच्या समुद्रापर्यंत भिंत घालायची. सिरॅक्यूजच्या वर एपिपोले नावाचं पठार आहे, ४१४ च्या वसंतात अथेन्सवाल्यांनी अचानक वर चढून ते पकडलं आणि भिंतीचं काम जोरात सुरू केलं. सिरॅक्यूजवाल्यांनी ती अडवायला आडव्या भिंती घातल्या, अथेन्सवाल्यांनी त्या पाडल्या, अशाच एका झटापटीत लामाकस मारला गेला. आता उरला एकटा निकियास, आणि त्याला किडनीचं दुखणं.

तरी ते जिंकत आले होते! दक्षिणेकडची भिंत जवळजवळ झालेली, उत्तरेकडचा तुकडा बाकी, दगड तिथे आणून टाकलेले, आणि शहरात लोक शरण जायच्या गोष्टी करायला लागलेले.

मग बिघडलं कुठे?

गिलिपस आला. स्पार्टाने (अल्किबियाडीसच्या सल्ल्याने, दुसरं कोण) सैन्य नाही, एक माणूस पाठवला. बरोबर सुरुवातीला चार जहाजं. निकियासला बातमी लागली होती पण एवढीशी जहाजं बघून त्याने चाचे समजून सोडून दिलं. गिलिपस उत्तरेला हिमेराला उतरला, वाटेत माणसं जमवत तीनेक हजार करून जमिनीवरून आला आणि जिथे भिंत अपुरी होती त्याच बाजूने पठारावरून शहरात शिरला. त्याच्या जरा आधी स्पार्टाच्या बाजूच्या कॉरिंथ शहराचं एक जहाज पोचलं होतं, त्याचा कप्तान गोंगिलस उतरला तेव्हा सिरॅक्यूजवाले युद्ध थांबवायचं का ह्यासाठी सभा भरवायच्या बेतात होते, त्याने सांगितलं थांबा, मदत येतेय. थोडा उशीर झाला असता तर खेळ खलास होता.

गिलिपसने आडवी भिंत अथेन्सच्या भिंतीच्या पुढे नेली, आणि तिथून पुढे वेढा घालणारे कोण आणि वेढ्यात सापडलेले कोण हेच उलटं झालं.

निकियास तेव्हाच परत का नाही आला?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे.

त्या हिवाळ्यात त्याने अथेन्सला पत्र पाठवलं. मुद्दाम लेखी पाठवलं, कारण तोंडी निरोप दिला तर निरोप्या लोकांना आवडेल तेच बोलेल अशी त्याला भीती. पत्रात सगळं खरं लिहिलंय, जहाजांची लाकडं पाण्यात राहून सडतायत, वल्हेकरी पळून जातायत, एक तर आम्हाला परत बोलवा नाहीतर एवढंच दुसरं सैन्य पाठवा, आणि मी आजारी आहे, मला सोडवा. वर हेही सुनावलं की तुमचा स्वभाव मला माहितीये, तुम्हाला गोड बातम्या हव्या असतात आणि नंतर उलटलं की दोष देता.

सभेने काय केलं? दुसरं सैन्य मंजूर, निकियासला सोडायला नकार. म्हणजे परत तेच, त्याने मोठा आकडा सांगावा आणि यांनी हो म्हणावं.

४१३ च्या उन्हाळ्यात डेमॉस्थेनीस हा दुसरा सेनापती ७३ जहाजं आणि पाचेक हजार हॉप्लाइट घेऊन आला. त्याने रात्री पठारावर हल्ला करून बघितला, चांदणं होतं पण आपला कोण परका कोण कळेना, परवलीचा शब्द ओरडून ओरडून शत्रूलाही पाठ झाला, अथेन्सच्याच बाजूचे आर्गोसवाले युद्धगीत म्हणायला लागले तर ते शत्रूच्या गाण्यासारखं वाटून अथेन्सवालेच घाबरले, शेवटी आपलेच आपल्याला मारत सुटले, कितीतरी जण कड्यावरून खाली पडले. डेमॉस्थेनीस दुसऱ्या दिवशी म्हणाला, बास, समुद्र मोकळा आहे तोवर निघू.

निकियास म्हणाला नाही. कारण ऐका. आज जे सैनिक इथे हालहाल म्हणून ओरडतायत तेच घरी गेल्यावर सभेत ओरडतील की सेनापतींनी लाच खाऊन माघार घेतली, त्या लोकांच्या हातून खोट्या आरोपावर मरण्यापेक्षा मी इथे शत्रूच्या हातून मरेन. सिरॅक्यूजपेक्षा त्याला अथेन्सच्या सभेची जास्त धास्ती होती. आणि ती अगदीच वेडी नव्हती हो, आधीच्या सिसिली मोहिमेतून ४२४ मध्ये परत आलेल्या सेनापतींना ह्याच लोकांनी हद्दपार केलं होतं आणि दंड ठोकला होता. पण त्या धास्तीपायी हजारो माणसं दलदलीत तापाने फणफणत पडून राहिली, ते मी माफ करू शकत नाही.

चंद्रग्रहणामुळे हरले हे खरं का?

अर्धं खरं. शेवटी निकियास तयार झाला, गुपचूप निघायचं ठरलं, आणि २७ ऑगस्ट ४१३ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण लागलं. ज्योतिषी म्हणाले तीन गुणिले नऊ, म्हणजे २७ दिवस हलायचं नाही. निकियास म्हणाला त्याच्या आधी चर्चासुद्धा नको. पण एकट्या निकियासला हसू नका, सैनिकांपैकी बहुतेकांनीही थांबा थांबाच केलं होतं. आणि ग्रहणाच्या आधी जे दिवस फुकट घालवले त्याचा हिशोब चंद्रावर कसा टाकणार.

अथेन्सचं नौदल तर नंबर वन होतं, ते बंदरात कसं हरलं?

जागा नव्हती. अथेन्सची खासियत म्हणजे मोकळ्या पाण्यात वेगाने वळसा घालून बाजूने धडक देणं. सिरॅक्यूजवाल्यांनी कॉरिंथवाल्यांची युक्ती उचलून जहाजांची नाकं आखूड आणि जाड करून घेतली आणि बंदराच्या चिंचोळ्या पाण्यात समोरासमोर धडका दिल्या, त्यात अथेन्सची हलकी जहाजं फुटायची. एकदा तर कॉरिंथच्या अरिस्टन नावाच्या सुकाणूवाल्याने डोकं लढवलं, सगळा बाजार किनाऱ्यावरच आणून बसवा. लढता लढता सिरॅक्यूजवाले मागे फिरले, किनाऱ्यावरच पटापट जेवले आणि लगेच परत आले, अथेन्सवाल्यांना वाटलं आजचं संपलं, ते अजून स्वयंपाकाला लागत होते.

ग्रहणानंतर बंदराचं तोंड जहाजं आडवी बांधून बंद केलं गेलं. शेवटच्या लढाईत अथेन्सने जे तरंगेल ते पाण्यात उतरवलं, सुमारे ११० जहाजं. किनाऱ्यावरचं सैन्य बघत उभं, आपली सरशी दिसली की आरोळी, माघार दिसली की आक्रोश, आणि अटीतटीची झटापट चालू असली की नुसतीच अंगं इकडून तिकडे झुलतायत. हरल्यावरही अथेन्सकडे ६० जहाजं उरली होती, समोरच्यांकडे पन्नासहून कमी. सेनापती म्हणाले पहाटे अजून एकदा. खलाशी जहाजावर चढायलाच तयार होईनात.

जमिनीवरून तरी निसटता आलं असतं ना?

त्याच रात्री निघाले असते तर कदाचित. सिरॅक्यूजमध्ये हेराक्लीसचा उत्सव होता, लोक पिऊन पडलेले, रस्ते अडवायला कोणी उठेना. हर्मोक्रेटिसने मग हितचिंतक म्हणून माणसं पाठवली, रात्री निघू नका, रस्त्यावर पहारे आहेत. अथेन्सवाले फसले, थांबले, आणि तेवढ्यात खरोखरचे पहारे बसले.

जवळजवळ ४०,००० माणसं चालत निघाली. जखमी गळ्यात पडून आम्हाला पण न्या म्हणत होते, त्यांना तिथेच टाकून. मागची तुकडी डेमॉस्थेनीसची, तिला गाठलं, ६००० जण शरण आले, त्यांच्याकडचा पैसा उलट्या ढालींत ओतायला लावला तर चार ढाली भरल्या. निकियासची तुकडी तहानेने वेडी होऊन असिनारस नदीवर पोचली आणि पाण्यात घुसली, वरून भाले आणि बाण, आणि चिखल झालेलं रक्ताळलेलं पाणी लोक तसंच पीत होते, त्याच्यासाठी भांडत होते. तेव्हा निकियास गिलिपसला शरण गेला. दोन्ही सेनापतींना मारलं, गिलिपसची तशी इच्छा नव्हती तरी.

कैद्यांचं काय झालं?

किमान ७००० जणांना दगडाच्या खाणीत उघड्यावर टाकलं. रोज पाव लिटर पाणी आणि त्याच्या दुप्पट मापाचं धान्य, असं आठ महिने. दिवसा ऊन, रात्री थंडी, प्रेतं तिथेच. बिगर अथेन्सवाल्यांपैकी बहुतेकांना सत्तर दिवसांनी गुलाम म्हणून विकलं. प्लुटार्क हा चरित्रकार सांगतो की काही जण युरिपिडीसच्या नाटकांतल्या ओळी म्हणून दाखवून सुटले, सिसिलीत त्याचं वेड होतं. प्लुटार्क पाचशे वर्षांनंतरचा, तेव्हा गोष्ट म्हणून घ्या.

हा डेमॉस्थेनीस म्हणजे तो भाषणवाला का?

नाही. तो जन्मलाच इ.स.पू. ३८४ मध्ये.

आणि आर्किमिडीज?

तोही नाही, तो रोमच्या वेढ्यात, २१२ ला मारला गेला. शहर तेच, दोनशे वर्षांनी.

अथेन्स ह्यातच संपलं का?

नाही, आणि हे लोक विसरतात. तिकडे स्पार्टाने अथेन्सजवळच्या डेकेलियाला कायमचा तळ ठोकला होता, वीस हजाराच्या वर गुलाम पळाले होते, मित्र शहरं फुटायला लागली, इराणचा पैसा स्पार्टाला मिळायला लागला, ४११ मध्ये लोकशाही काही महिने उलथली. तरी हे लोक राखीव ठेवलेले १००० टॅलेंट काढून नवी जहाजं बांधून अजून नऊ वर्षं लढले. मधल्या काळात अल्किबियाडीस स्पार्टालाही नकोसा होऊन परत अथेन्सकडे आला, आणि त्यांनी घेतलाही. ४०४ ला शरणागती.

घरी बातमी कशी कळली?

प्लुटार्कचीच गोष्ट. पिरेअसला एक परका माणूस न्हाव्याकडे येऊन बसला आणि सगळ्यांना माहीतच असेल अशा थाटात सिसिलीचं बोलायला लागला. न्हावी दुकान टाकून अथेन्सपर्यंत धावत गेला. कोणी सांगितलं म्हणून विचारलं तर त्याला नाव सांगता येईना, मग अफवा पसरवतो म्हणून त्याला चाकाला बांधून छळलं, खरी बातमी घेऊन माणसं येईपर्यंत.

ती आल्यावरही बराच वेळ कोणाचा विश्वास बसेना. मग बसला तेव्हा लोक भडकले, ज्या वक्त्यांनी मोहिमेला चढवलं त्यांच्यावर, विजय होईल म्हणणाऱ्या ज्योतिषांवर. थ्युसिडिडीस लिहितो, जणू काही मत यांनी स्वतः दिलंच नव्हतं.